राजाचा वाटा: सोळावा लुई आणि सातवा निजाम

(नवी मुंबईतील स्मृती व्याख्यानमालेत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



17 सप्टेंबरला छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातुरात शासकीय झेंडावंदन होते. नवी मुंबईत तो दिवस कामाच्या इतर दिवसांसारखाच जातो. तरी कामोठे, कळंबोली, कोपरखैरणे या वसाहतींत मराठवाड्यातून आलेली कुटुंबे आहेत, आणि त्यांच्या घरांतल्या जुन्या माणसांनी रझाकारांच्या गोष्टी नातवंडांना सांगितलेल्या आहेत. कोण कोणत्या गावाहून रातोरात बार्शीकडे पळाले, कुणाची कडब्याची गंजी पेटवली, ‘ॲक्शन’, म्हणजे 1948 ची लष्करी कारवाई, झाली तेव्हा कोण किती वर्षांचे होते, हे सगळे त्या गोष्टींत येते.

या गोष्टींतला खलनायक ठरलेला आहे. लातुरात वकिली करणारा, रझाकारांचा पुढारी कासिम रझवी. नायकही ठरलेले आहेत. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, सरदार पटेल. ज्याच्या नावाने सारा कारभार चालला होता तो हैदराबाद संस्थानचा सातवा निजाम, मीर उस्मान अली खान, मात्र गोष्टीच्या कडेला उभा असतो. 1937 साली ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून झळकलेला आणि पुढे कंजूषपणाच्या किश्श्यांपुरता उरलेला. त्याचे राज्य इतरांनी बुडवले, हा समज अजून टिकून आहे. त्याची सुरुवात खुद्द निजामानेच केली. शरणागतीनंतर आठवड्याभरातच त्याने जाहीर सांगितले, की रझवीच्या टोळीने आपल्याला हतबल करून टाकले होते.

हे कितपत खरे आहे? राजाला हटवणाऱ्या क्रांतीत राजाचा स्वतःचा वाटा किती? फ्रान्समध्ये सोळाव्या लुईबद्दल हा प्रश्न दोनशेहून अधिक वर्षे विचारला जात आहे. हैदराबादच्या बाबतीत तो फारसा विचारला गेला नाही. म्हणून आधी फ्रान्सकडे थोडे वळून मग मराठवाड्यात यायचे आहे.

लुई 1774 मध्ये गादीवर आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. तो जुलमी नव्हता. आरोपींचा छळ करून कबुली घेण्याची पद्धत त्याच्याच काळात रद्द झाली आणि 1787 मध्ये प्रोटेस्टंट प्रजेला नागरी हक्क मिळाले. पण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडला नमवण्यासाठी त्याने एक अब्जाहून अधिक लिव्हर खर्च केले, तेही कर्ज काढून. 1788 पर्यंत महसुलाचा निम्मा भाग त्या कर्जावर जाऊ लागला. खजिना रिता झाला तेव्हा त्याने 1614 नंतर एकदाही न भरलेली इस्टेट्स-जनरल ही सभा बोलावली आणि गावोगावच्या लोकांना गाऱ्हाणी लिहून पाठवायला सांगितले. ती गाऱ्हाणी राजाविरुद्ध नव्हती, राजाला उद्देशून होती. आपल्यावरचा अन्याय राजाला ठाऊक नाही, कळला तर तो दूर करील, ही भावना त्यांत जागोजागी आहे.

त्या विश्वासाचे लुईने काय केले? डिसेंबर 1788 मध्ये त्याने सामान्यांच्या प्रतिनिधींची संख्या दुप्पट केली. मात्र मते माणशी मोजायची की वर्गनिहाय, हे ठरवलेच नाही. वर्गनिहाय मोजली तर सरदार आणि धर्मगुरू मिळून दोन विरुद्ध एक जिंकणार, मग संख्या दुप्पट करून उपयोग काय? 5 मे 1789 ला सभा भरली आणि याच मुद्द्यावर सहा आठवडे खोळंबली. अखेर सामान्यांच्या प्रतिनिधींनी स्वतःला राष्ट्रसभा म्हणून घोषित केले. 11 जुलैला राजाने लोकप्रिय मंत्री नेकर याला काढले आणि तीन दिवसांत बास्तीयचा किल्ला पडला. पुढे त्याने नव्या व्यवस्थेच्या कागदांवर सह्या केल्या. जून 1791 मध्ये मात्र वेश पालटून तो कुटुंबासह पॅरिसमधून निसटला आणि व्हारेन या गावी पकडला गेला. जाताना त्याने राजवाड्यात स्वतःच्या हस्ताक्षरातले निवेदन मागे ठेवले होते. गेल्या दोन वर्षांत आपण मान्य केलेल्या गोष्टी नाइलाजाने मान्य केल्या, असा त्याचा आशय. त्यानंतर त्याच्या सहीला कवडीची किंमत राहिली नाही. 10 ऑगस्ट 1792 ला राजवाड्यावर हल्ला झाला आणि 21 जानेवारी 1793 ला त्याचा शिरच्छेद झाला.

लुईच्या बाबतीत नेमके सांगायचे ते एवढेच. त्याने आशा निर्माण केली, निर्णय अर्धवट सोडला आणि तो इतरांनी घेतल्यावर बळाचा आधार शोधला. हाच क्रम हैदराबादेत तपासून पाहायचा आहे.

मीर उस्मान अली खान 1911 मध्ये गादीवर आला. राज्य 82 हजार चौरस मैलांचे. 1941 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे 1 कोटी 63 लाख, त्यात हिंदू 85 टक्क्यांच्या आसपास. तेलंगणातले आठ जिल्हे, मराठवाड्यातले पाच, कर्नाटकातले तीन. स्वतःचे नाणे म्हणजे हाली सिक्का, स्वतःची रेल्वे, टपाल आणि फौज. राज्यातली सुमारे एक दशांश जमीन ‘सर्फ-ए-खास’, म्हणजे निजामाची खासगी मालमत्ता. त्याखेरीज जवळपास तिसरा हिस्सा जहागिरी आणि पायगा यांखाली. जहागिरीतल्या शेतकऱ्याला सरकारपर्यंत पोहोचायची वाटच नसे.

दुसरी बाजूही मोठी आहे. उस्मानिया विद्यापीठ त्याचे. निजामसागर धरण त्याचे. अजिंठ्याची चित्रे वाचवण्यासाठी 1920 च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणले ते त्याच्याच पुरातत्त्व खात्याने. पुण्याच्या भांडारकर संस्थेला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्याने देणगी दिली आणि तिथल्या अतिथिगृहाला त्याचेच नाव आहे. खर्च करायचा तिथे हा माणूस करीत असे. अधिकार सोडणे मात्र त्याला जमत नव्हते.

मराठवाड्यातली चळवळ अगदी मवाळ मागण्यांनी सुरू झाली. 1937 मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली झाले. मराठीतून प्राथमिक शिक्षण द्या, सभा-संमेलनांवरची बंधने सैल करा, वाचनालये उघडू द्या, असे मागण्यांचे स्वरूप. त्या वेळी ‘गश्ती निशाण 53’ नावाचे परिपत्रक लागू होते. सभा घ्यायची तर आधी अधिकाऱ्याची परवानगी हवी. फ्रान्समधल्या गाऱ्हाण्यांसारखीच ही मागणीपत्रे राजाला उद्देशून होती. त्याच वर्षी निजामाने घटनात्मक सुधारणांसाठी अरवमुदु अय्यंगार समिती नेमली. आशा निर्माण झाली.

आणि 7 सप्टेंबर 1938 ला सरकारने हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी घातली. ही संघटना तेव्हा रीतसर स्थापनही झाली नव्हती. जन्माआधीच बंदी! सरकारचा आक्षेप नावाला होता, ‘काँग्रेस’ हा शब्द काढा म्हणून वाटाघाटी चालल्या. ऑक्टोबरअखेर सत्याग्रह सुरू झाला. अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक असलेले संन्यासी स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. एका शिक्षकाचा पुढारी होण्याचा प्रवास सरकारनेच पूर्ण करून दिला.

त्याच हिवाळ्यात औरंगाबादच्या इंटरमीडिएट कॉलेजच्या आणि उस्मानियाच्या वसतिगृहांत मुले प्रार्थनेला ‘वंदे मातरम्’ म्हणू लागली. मनाई झाली. मुले ऐकेनात. शेकडो मुलांना काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना प्रवेश दिला. या मुलांतला एक तेलुगू विद्यार्थी दहा वर्षांनी सरहद्दीवर चांद्याला उभारलेल्या चळवळीच्या छावणीत काम करताना दिसतो. त्याचे नाव पी. व्ही. नरसिंह राव. वसतिगृहातल्या सामुदायिक गाण्याकडे काणाडोळा केला असता, तर ही मुले पदव्या घेऊन निजामाच्याच नोकरीत लागली असती. त्यांना बाहेर काढून, ब्रिटिश हिंदुस्थानातल्या चळवळीशी त्यांची गाठ कुणी घालून दिली, हे वेगळे सांगायला नको.

1939 च्या जुलैत सुधारणा जाहीर झाल्या. विधिमंडळ येणार, त्यात हिंदू आणि मुसलमान यांना समान जागा. पण मंत्रिमंडळ विधिमंडळाला जबाबदार नाही, शेवटचा शब्द निजामाचाच. शिवाय महायुद्धाचे निमित्त होऊन अंमलबजावणी 1946 पर्यंत लांबली. लुईने जागा दुप्पट करून मतमोजणीचा प्रश्न टांगता ठेवला होता. निजामाने तर सत्तेचा प्रश्नच यादीतून वगळला.

राजाला दुसरे काही सुचणेच शक्य नव्हते का? या सुधारणांच्या आधीच्याच हिवाळ्यात साताऱ्याकडे औंध नावाच्या 72 गावांच्या छोट्या संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी आपली सत्ता लोकांना देऊन मोकळे होत होते. मुलगा अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हा पोलिश अभियंता यांनी गांधीजींच्या सल्ल्याने घटना तयार केली आणि जानेवारी 1939 मध्ये ती लागू झाली. औंध लहान, हैदराबाद अवाढव्य, हे खरे. औंधला गमावण्यासारखे थोडे होते, हेही खरे. पण हा मार्ग त्या काळच्या संस्थानिकांना माहीत होता.

निजामाने वेगळाच मार्ग धरला. जबाबदार राज्यपद्धती मागणाऱ्यांना शह म्हणून त्याने मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेला वाढू दिले. यात एक मेख होती. इत्तेहादची शिकवण अशी, की सार्वभौमत्व मुस्लिम समाजाचे आणि निजाम हे त्याचे केवळ प्रतीक. म्हणजे स्टेट काँग्रेस म्हणत होती राज्य लोकांचे, आणि इत्तेहाद म्हणत होती राज्य आमच्या जमातीचे. राज्य राजाचे असे दोघांपैकी कुणीच म्हणत नव्हते. निजामाला पहिला धोका दिसला. दुसऱ्याला तो आपली ढाल समजत राहिला. 1946 च्या अखेरीस इत्तेहादची सूत्रे कासिम रझवीकडे गेली आणि रझाकार ही तिची सशस्त्र दलासारखी शाखा फोफावली.

जून 1947 मध्ये निजामाने फर्मान काढले. भारत किंवा पाकिस्तान, कोणत्याही घटना समितीत प्रतिनिधी पाठवणार नाही, इंग्रज गेल्यावर हैदराबाद स्वतंत्र. 7 ऑगस्टला स्टेट काँग्रेसने ‘भारतात सामील व्हा’ दिन पाळला. 15 ऑगस्टला देश स्वतंत्र होत असताना स्वामीजींना अटक झाली.

यानंतर ऑक्टोबरअखेरचे काही दिवस बारकाईने पाहण्यासारखे आहेत. भारताशी वर्षभराचा ‘जैसे थे करार’ करण्याचा मसुदा ऑक्टोबरमध्ये तयार झाला. निजामाच्या बाजूने बोलणी करणारे तिघे होते. प्रधानमंत्री छतारीचे नवाब, इंग्रज घटनातज्ज्ञ सर वॉल्टर मॉंक्टन आणि सर सुलतान अहमद. 25 ऑक्टोबरला निजामाच्या कार्यकारी मंडळाने सहा विरुद्ध तीन मतांनी मसुदा स्वीकारला. निजामानेही मान डोलावली. सही करायची तेवढी बाकी. 26 तारखेला संध्याकाळी त्याने ती दुसऱ्या दिवशी सकाळवर ढकलली, कारण तिघे सकाळीच विमानाने दिल्लीला निघणार होते. त्याच दिवशी तिकडे काश्मीरचे महाराजा हरिसिंह यांनी सामीलनाम्यावर सही केली होती.

27 ऑक्टोबरच्या पहाटे तीनच्या सुमारास पंचवीस-तीस हजारांच्या जमावाने तिघांच्याही घरांना वेढा घातला. पोलिसांचा पत्ता नव्हता. घरांतल्या बायकामाणसांना बाहेर काढायला लष्कराची मदत घ्यावी लागली. दिल्लीचे विमान चुकले. राजाने काय केले? वेढा घालणाऱ्यांना पकडले नाही. त्यांच्या पुढाऱ्याला, रझवीला, बोलणीसाठी बोलावले. भारत काश्मीरात गुंतला आहे, ताणून धरले तर जास्त मिळेल, असे रझवीने पटवले. छतारीच्या नवाबांनी आणि मॉंक्टन यांनी अंग काढून घेतले. नवे शिष्टमंडळ नेमले गेले. आणि 29 नोव्हेंबरला निजामाने सही केली ती जवळजवळ त्याच मसुद्यावर! महिनाभराच्या घासाघिशीत करारातून काही मिळाले नाही. बदलले ते हैदराबादेतले वारे. उद्योगपती मीर लायक अली प्रधानमंत्री झाला आणि रस्त्यावरचा जमाव सरकार बदलू शकतो हे राज्यभर सगळ्यांना समजले.

कराराची शाई वाळते न वाळते तोच हैदराबादने भारतीय चलन बेकायदा ठरवले, मौल्यवान धातूंच्या निर्यातीवर बंदी घातली आणि पाकिस्तानला भारत सरकारच्या कर्जरोख्यांच्या रूपात 20 कोटी रुपयांचे कर्ज दिले. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री शस्त्रे आणून उतरवू लागला. व्हारेनहून परत आणलेल्या लुईसारखीच निजामाच्या सहीची पत गेली.

मराठवाड्यात याचा अर्थ गावकऱ्यांना रोज भोगावा लागत होता. रझाकारांच्या टोळ्या वसुलीला, जाळपोळीला येत. लोक सोलापूर, बार्शी, नगर, वऱ्हाडाकडे पळत. दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीने सरहद्दीवर छावण्या उभ्या केल्या होत्या. तिथून करोडगिरीची नाकी जाळली जात, शिंदीची झाडे तोडली जात, पोलीस ठाण्यांवर हल्ले होत. नांदेड जिल्ह्यात उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला गेला. दहा वर्षांपूर्वी वाचनालयाला परवानगी मागणाऱ्या चळवळीच्या हाती आता बंदुका होत्या. तेलंगणात तर कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जमीनदारांच्या जमिनी वाटून घेतल्या. मुसलमानांतही सगळे रझवीच्या मागे नव्हते. ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात सामील होण्याची बाजू घेतली, आणि ऑगस्ट 1948 मध्ये त्यांचा खून झाला.

जून 1948 मध्ये शेवटची संधी आली. माउंटबॅटन यांना देश सोडण्यापूर्वी हैदराबादचा प्रश्न मिटवायचा होता. तयार झालेला मसुदा इतका सौम्य होता, की पटेलांनी तो मोठ्या नाखुशीने मान्य केला. निजामाने नव्या हरकती काढल्या आणि मसुदा फेटाळला. 21 जूनला माउंटबॅटन गेले. त्यानंतर दिल्लीत निजामासाठी शब्द टाकणारे कुणी उरले नाही. 13 सप्टेंबरला मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली मुख्य फौज सोलापूरकडून निघाली. पहिल्याच दिवशी नळदुर्गचा पूल न मोडता हाती आला. 17 तारखेला संध्याकाळी निजामाने रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली.

आता त्याचा हतबलतेचा दावा तपासता येईल. 27 ऑक्टोबर 1947 नंतर रझवीच्या मुठीतून सुटणे दिवसेंदिवस अवघड होत गेले, हे मान्य करावे लागते. लायक अली सरकारने निजामाच्या शब्दावर एका दिवसात राजीनामा दिला तो 17 सप्टेंबरला, भारतीय रणगाडे दाराशी आल्यावर. पण 1938 ची बंदी रझवीने घातली नव्हती. 1939 च्या पोकळ सुधारणा रझवीच्या नव्हत्या. 26 ऑक्टोबरच्या संध्याकाळी सेनापती जनरल एल इद्रूस यांची फौज आणि सगळे पोलीस निजामाच्या हुकमात होते, कार्यकारी मंडळाचे बहुमत त्याच्या बाजूला होते आणि सही न करण्याचे कोणतेही कारण नव्हते. तो कैदी झाला असेल, तर तुरुंगाच्या भिंती त्यानेच बांधू दिल्या होत्या.

त्या दिरंगाईची किंमत त्याने स्वतः फार थोडी मोजली. आधी रझाकारांनी हिंदूंवर, आणि आपल्याला विरोध करणाऱ्या मुसलमानांवरही, अत्याचार केले. फौज आल्यावर सूड उगवला गेला तो गरीब, बहुतेक निरपराध मुसलमानांवर. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला. उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा हे सर्वांत होरपळलेले जिल्हे. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत या माणसांना क्वचितच जागा मिळते. त्यांना वगळून राजाच्या वाट्याचा हिशेब पुरा होत नाही.

लुईवर खटला चालला. राजवाड्यातल्या लोखंडी कपाटात सापडलेली पत्रे पुराव्याला आली. निजामावर खटला भरला गेला नाही, आणि त्यामागे दिल्लीचा व्यवहार होता. चौधरींच्या लष्करी सरकारला कायद्याचा आधार हवा होता, तो निजामाच्या फर्मानाने मिळत होता. ज्या सह्यांसाठी दिल्लीने वर्षभर वाट पाहिली, त्या आता एकामागून एक होऊ लागल्या. 1949 मध्ये सर्फ-ए-खास राज्यात विलीन झाले, जहागिरी गेल्या आणि 23 नोव्हेंबरला भारताची राज्यघटना मान्य करणारे फर्मान निघाले. 26 जानेवारी 1950 ला तो हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला.

1952 मध्ये तिथे प्रौढ मतदानाने पहिली निवडणूक झाली. मार्चमध्ये बूर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. गृहखाते गेले ते सरहद्दीवर छावण्या चालवणाऱ्या कृती समितीचे अध्यक्ष दिगंबरराव बिंदू यांच्याकडे, आणि ज्या राजप्रमुखाच्या नावाने त्यांच्या मंत्रिमंडळाचा कारभार सुरू झाला, ते होते मीर उस्मान अली खान.